भयपटांचे रीमेक : मूळ सिनेमातली भीती नव्या जागी टिकते का?

रानवारा

'लपाछपी' आणि 'छोरी' लागोपाठ दोन रात्री पाहिले आणि तेव्हापासून डोक्यात एकच विचार चालू आहे, म्हणून हा धागा. भयपटाचा रीमेक करताना नेमकं काय उचललं जातं? घाबरवणारं दृश्य, की ते दृश्य पाहून आपण का घाबरतो ते कारण? माझं मत असं झालंय की नुसतं दृश्य उचललं की सिनेमा पातळ होतो. कारण उचललं आणि नव्या ठिकाणी त्याचा पुन्हा शोध घेतला, तर रीमेक मूळ सिनेमाच्या बरोबरीला येतो, क्वचित पुढेही जातो. विरोधातली मतं वाचायला जास्त आवडतील. शेवट शक्यतो फोडू नका, अगदीच गरज पडली तर आधी सूचना द्या.

दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया. 'लपाछपी' २०१७ साली थिएटरात आला, 'छोरी' २०२१ साली ॲमेझॉन प्राइमवर. गोष्ट तीच. दिवस भरत आलेली गरोदर बाई, कर्जात बुडालेला नवरा, लपायला म्हणून ड्रायव्हरच्या गावाकडचं उसाच्या मधोमध असलेलं घर, तिथली म्हातारी, आणि कुठून तरी येणारे मुलांचे आवाज. हिंदीत खर्च जास्त झालाय हे दर फ्रेममध्ये दिसतं. छायाचित्रण देखणं आहे, आवाजाचं काम चोख आहे. मीता वशिष्ठ उत्तम अभिनेत्री आहे, वादच नाही. तरी मला घाबरवलं ते उषा नाईकांच्या तुळसाबाईनं. मीता वशिष्ठची भन्नो देवी पडद्यावर आल्या क्षणी मनात धोक्याची घंटा वाजते. तुळसाबाई मात्र आपल्या ओळखीची आहे. पोटुशी बाई दारात आली म्हणून तिचं खाणंपिणं बघणारी, अंगावर मायेनं हात फिरवणारी. त्या मायेमागे काय आहे ते कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण तोवर आपणही तिच्या घरात रुळलेलो असतो.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. हिदेओ नाकाताचा 'रिंगू' १९९८चा, कोजी सुझुकीच्या १९९१च्या कादंबरीवर आधारलेला. गोअर व्हर्बिन्स्कीचा अमेरिकन 'द रिंग' २००२चा. 'रिंगू'तलं भूत म्हणजे सादाको ही मुलगी. तिच्या आईकडे अतींद्रिय शक्ती असते, तिचं पत्रकारांसमोर जाहीर प्रात्यक्षिक होतं आणि तिथेच तिला भोंदू ठरवलं जातं. जपानी प्रेक्षकासाठी यामागे खरा इतिहास आहे. १९१०च्या सुमारास तोक्योच्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी चिझुको मिफुने या स्त्रीवर असेच प्रयोग केले. फसवणुकीचे आरोप झाले आणि १९११ साली तिनं आत्महत्या केली. म्हणजे सादाकोच्या रागाला एका समाजाची जुनी शरम चिकटलेली आहे. अमेरिकन सिनेमात याच्या जागी बेट, घोड्यांचा तबेला, मूल होत नसलेलं जोडपं आणि मनोरुग्णालयातल्या टेप आल्या. पटकथा म्हणून ते नीट बसतं, पण मुलगी अशी का झाली याचं उत्तर शोधण्यात इतका वेळ जातो की तिची भीती वाटायला थोडीच जागा उरते.

---

काळी_मांजर

धागा आवडला, पण 'द रिंग'वर अन्याय होतोय. मी तो आधी पाहिला, कॉलेजात असताना, आणि नंतर कित्येक दिवस टीव्ही बंद करून त्यावर टॉवेल टाकून झोपत होते. 'रिंगू' खूप नंतर पाहिला. टीव्हीतून सादाको बाहेर येणार हे माहीत असल्यामुळे मी नुसती वाट बघत बसले. भयपटात पहिला पाहिलेला सिनेमा नेहमीच जिंकतो, मग तो मूळ असो की रीमेक. आपण ज्याला 'मूळची खरी भीती' म्हणतो ती बऱ्याचदा आपली पहिली वेळ असते.

आणि बोटीवरचा घोडा? ते दृश्य 'रिंगू'त नाही. बुजलेला घोडा, डेकवर धावणारी माणसं, मग पाणी. तिथे भूत नाही, अंधार नाही, भर दिवसाची वेळ, आणि तरी श्वास अडकतो. ही रीमेकनं घातलेली स्वतःची भर आहे.

सुमारे ४.८ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमानं जगभरात २४ कोटींच्या वर कमावले. त्यानंतर हॉलिवूडनं आशियाई भयपटांची रांगच लावली : २००४चा 'द ग्रज', २००५चा 'डार्क वॉटर', २००६चा 'पल्स', २००८चा 'द आय'. त्यातले बरेच फसले हे मान्य. पण त्यांचं खापर पहिल्यावर का फोडायचं?

---

रानवारा

घोड्याचं दृश्य मलाही फार आवडतं, ते लिहायला हवं होतं. 'पहिला पाहिलेला जिंकतो' हे मात्र पूर्ण पटत नाही. 'छोरी' मी आधी पाहिला होता, 'लपाछपी' दुसऱ्या रात्री. गोष्टीतला एकूण एक धक्का माहीत असूनही जास्त घाबरले ते दुसऱ्या रात्रीच.

---

मिक्सिंग_रूम

मी आवाजाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडं त्या बाजूनं.

सादाकोची भूमिका केलेली रिए इनो'ओ काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचं शिक्षण घेतलेली होती. तिला उलटं चालायला लावलं आणि ते चित्रीकरण उलटं फिरवलं. म्हणून ती पुढे येते तेव्हा सांधे चुकीच्या दिशेनं वळल्यासारखे वाटतात. केस मोकळे, चेहरा झाकलेला, अंगावर पांढरं, हे तिथल्या जुन्या भूतचित्रांत आणि काबुकीत शतकानुशतकं आहे. जपानमध्ये प्रेताला पांढरा किमोनो घालतात. अमेरिकन सिनेमात ते रूप बरंचसं तसंच ठेवलं आणि वर टीव्हीच्या मुंग्यांसारखी डिजिटल थरथर दिली. माझ्या मते तिथे गडबड झाली. थरथर दिसली की डोळ्याला लगेच कळतं की हे संगणकावर केलंय. इनो'ओच्या चालण्यात काय बिनसलंय ते सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून नजर हटत नाही.

दुसरा मुद्दा शांततेचा. 'रिंगू' पुन्हा हेडफोन लावून ऐका. खोलीत काहीच वाजत नाही अशा जागा लांबच लांब आहेत. रीमेकमध्ये त्यातल्या पुष्कळ जागा संगीतानं भरल्या आहेत. निर्मात्यांना शांततेची काळजी वाटते, थिएटरात प्रेक्षक चुळबुळ करतील म्हणून. मला स्वतःला मिक्सिंग करताना 'इथे काहीतरी टाक ना' हे वाक्य सतत ऐकावं लागतं. भयपटात ते 'काहीतरी' टाकलं की प्रेक्षकाला हात धरायला मिळतो. आता घाबरायचं आहे ही सूचना मिळाली की माणूस सावरून बसतो.

'द ग्रज'चं उदाहरण तर 'लपाछपी'च्या जवळ जाणारं आहे. मूळ 'जु-ऑन'चा दिग्दर्शक ताकाशी शिमिझू, रीमेकचाही तोच. कायाको हे भूत झालेली ताकाको फुजी दोन्हीत तीच. घशातून निघणारा तो करकर आवाज मूळचा शिमिझूनं स्वतः काढलेला. चित्रीकरणसुद्धा जपानमध्येच. सगळं तेच असून रीमेक निम्मा लागतो, कारण पात्रं अमेरिकन केली. 'जु-ऑन'मध्ये शाप आपल्याच गल्लीतल्या, आपल्या घरासारख्याच घरात आहे. पांघरुणात डोकं घालावं तर ती पांघरुणात. 'द ग्रज'मध्ये तो परदेशातल्या परक्या घरात आहे. प्रेक्षक मनात म्हणतो, विमानात बसा आणि घरी जा. धंदा मात्र दणकून झाला, सुमारे १ कोटीच्या खर्चावर १८ कोटी डॉलरच्या वर.

---

सरीवरंबा

सिनेमातलं मला फार कळत नाही, पण ऊस कळतो. वाळवा तालुक्यात आमची शेती आहे. 'लपाछपी' इस्लामपूरला बघितला होता, 'छोरी' पोरानं मोबाईलवर दाखवला.

जुलै-ऑगस्टात आडसाली लागण केली की ऊस तुटायला सोळा-अठरा महिने जातात. शेवटच्या काही महिन्यांत डोक्याच्या कितीतरी वर जातो. आत शिरलं की दुसऱ्या सरीतला माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि आवाज कुठल्या अंगानं येतोय ते सांगता येत नाही कारण पाचट चहूबाजूनं वाजत असतं. आकाशाची एक पट्टी वर दिसते तेवढीच. मोटारीची लाईट आठवड्यातनं काही दिवस रात्रीची असते, तेव्हा पाणी पाजायला दोन वाजता उठून एकट्यानं जावं लागतं. आता बिबट्याही उसातच राहतो, मादी पिल्लं घालते उसात. ज्यानं रात्री पाणी धरलंय त्याला ऊस सळसळला की काय होतं ते विचारा.

'लपाछपी'त ती पोर आत शिरते तेव्हा माझ्या शेजारी बसलेला माणूस पुटपुटला, "आत नको जाऊ गं." 'छोरी'त ऊस चक्रव्यूहासारखा झालाय. बघायला चांगला दिसतो. पण उसात वाट चुकायला चक्रव्यूह लागत नाही, सरळ सरीतसुद्धा माणूस हरवतो. आमच्या भीतीचं खरं कारण ते आहे, आणि ते मराठीवाल्यांनी बरोबर धरलं होतं.

---

मिक्सिंग_रूम

सरीवरंबा दादा, 'आवाज कुठल्या अंगानं येतोय ते सांगता येत नाही' हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड गणित आहे. आठ-आठ स्पीकर लावून आम्ही तेच साधायचा प्रयत्न करतो.

---

रानवारा

सरीवरंबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही उसातून सांगितलंत.

तरी 'छोरी'च्या बाजूनंही एक गोष्ट नोंदवते. या सिनेमाच्या मुळाशी असलेली भीती भुताची नाहीच, मुलगी नको म्हणणाऱ्या घराची आहे. आणि ती भीती हिंदी पट्ट्यात नेताना ओढूनताणून न्यावी लागली नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात तर ८०७. हरयाणात ८३४. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ सालापासून असतानाची ही स्थिती. म्हणून 'छोरी' उभा राहतो. त्याचा बराचसा धाक या खऱ्या आकड्यांतून येतो. उत्तरेकडच्या बाईला भन्नो देवीत तिची तुळसाबाई दिसली असेलही. ज्या मैत्रिणीनं मला 'छोरी' बघ म्हणून सांगितलं ती मूळची रोहतकची, तिला तो झोप उडवणारा वाटला होता.

---

एर्नाकुलममधून

नोकरीमुळे बरीच वर्षं केरळात आहे, त्यामुळे 'मणिचित्रताळ'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाली गोष्टीचा गाभा फुटतो आहे. पाहायचा असेल तर हा प्रतिसाद गाळा.

१९९३चा सिनेमा, फाझिल यांचं दिग्दर्शन, मधू मुट्टम यांची कथा-पटकथा. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे घरोघरी संवाद पाठ आहेत. २०२४ साली ४-के करून पुन्हा थिएटरात लावला तेव्हा मी गेलो होतो. कॉलेजची मुलं संवाद पडद्याच्या आधी म्हणत होती, आणि तरी शेवटच्या भागात चिडीचूप.

याचे रीमेक बघा : २००४ साली कन्नडमध्ये 'आप्तमित्र', २००५ साली तमिळमध्ये 'चंद्रमुखी', २००७ साली हिंदीत 'भूल भुलैया'. एक बंगालीही झाला. चौघांपाचांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे रानवारा यांचा प्रश्न तपासायला याहून चांगलं उदाहरण नाही.

मूळ सिनेमात गंगा ही मल्याळी बाई, आणि तिच्यात जी नागवल्ली प्रकटते ती तंजावरहून आणलेली तमिळ नर्तकी. नवरा तिला बाजारात जाऊ नको म्हणतो आणि एका वाक्यात तिचा आवाज बदलतो, डोळे मोठे होतात, ती पलंग एका हातानं उचलते आणि तमिळमध्ये बोलू लागते. मल्याळी माणसाला तमिळ परकी नाही, साधारण समजते, शेजारच्या घरातून ऐकू येणारी भाषा आहे ती. आपल्या बायकोच्या तोंडून अर्धवट ओळखीची भाषा यावी, हा धक्का आहे.

आता रीमेकवाल्यांनी काय केलं? कन्नड आणि तमिळ सिनेमात नर्तकी तेलुगू केली. हिंदीत बंगाली केली. प्रत्येकानं आपापल्या प्रेक्षकाची 'शेजारीण भाषा' शोधली. दृश्य जसंच्या तसं उचललं असतं तर हिंदीतही ती तमिळच बोलली असती आणि उत्तरेकडच्या प्रेक्षकाला ती नुसती अगम्य वाटली असती. 'आमी जे तोमार' लागतं ते याचमुळे. या बाबतीत मी 'भूल भुलैया'ला पूर्ण गुण देतो. त्याचे दिग्दर्शक प्रियदर्शन मूळ सिनेमाच्या एका युनिटवर काम करत होते, त्यांना कुठला खिळा कुठे ठोकलाय हे माहीत होतं.

पण गंगाचं लहानपण हिंदीत आवरतं घेतलं. मूळ सिनेमात डॉक्टर सनी तिच्या गावी जाऊन शोधून आणतो की आईबाप कलकत्त्याला निघून गेले, मुलगी आजीपाशी वाढली, आणि ऐन परीक्षेच्या दिवशी तिला उचलून न्यायला आले. त्या शाळकरी मुलीबद्दल ऐकताना प्रेक्षकाला नागवल्लीची भीती आणि गंगेची कीव एकाच वेळी वाटते. हिंदीत त्या माहितीचा मुक्काम घाईत उरकतो. आणि 'चंद्रमुखी'त तर सिनेमा रजनीकांतचा होतो. चेन्नईच्या एका थिएटरात तो दोन वर्षांहून जास्त चालला, लोकांचं प्रेम खोटं नाही, पण गंगेच्या जागची ज्योतिका जिथे जागा मिळेल तिथे लढते आहे असं वाटत राहतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते २०२२च्या 'भूल भुलैया २'चं. मूळ गोष्टीचा प्राण हा की भूत नाहीये, एक आजारी आणि एकटी बाई आहे, आणि अंधश्रद्धाळू घरातल्या कुणालाही ते दिसत नाही. दुसऱ्या भागात खरोखरचं भूत आणलं. नाव तेच, दार तेच, पैंजण तेच.

---

काळी_मांजर

सुंदर प्रतिसाद. शेजारीण भाषेचा मुद्दा कधीच लक्षात आला नव्हता. विद्या बालनच्या त्या एका दृश्यासाठी 'भूल भुलैया' मी अजूनही लावते, त्यापुढे बाकीच्या तक्रारी मागे पडतात माझ्यासाठी.

---

धुकं_आणि_दिवा

सहमत. कीव आणि भीती एकत्र वाटणं, हे फार थोड्या सिनेमांना जमलंय.

---

पटकथा_वेडा

आतापर्यंत सगळे मूळ सिनेमाच्या बाजूनं बोलतायत म्हणून दोन जड उदाहरणं दुसऱ्या पारड्यात टाकतो.

जॉन कार्पेंटरचा 'द थिंग', १९८२. त्याआधी १९५१ साली हॉवर्ड हॉक्सनं निर्माण केलेला 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' आला होता. दोन्ही जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलच्या १९३८च्या लघुकादंबरीवर. कादंबरीतला परग्रहावरचा जीव कुणाचंही हुबेहूब रूप घेतो. पन्नासच्या दशकात ते दाखवणं कठीण होतं, म्हणून जुन्या सिनेमात तो एक उंचापुरा, वनस्पतीपासून बनलेला राक्षस झाला. कार्पेंटर परत कादंबरीकडे गेला. अंटार्क्टिकावरच्या तळावर बारा पुरुष, बाहेर जाता येत नाही, आणि शेजारी बसलेला माणूस माणूस आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. तापलेल्या तारेनं रक्त तपासण्याचा प्रसंग कितीदा पाहिला तरी हाताला घाम येतो. पडद्यावरचा तो जीव घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा पंचविशीच्याही आत होता, आणि त्यानं रबर, यंत्रं आणि चिकट रसायनं वापरून जे केलं ते आजही खोटं वाटत नाही.

हा सिनेमा तेव्हा पडला. 'ई.टी.' येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, लोकांना प्रेमळ परग्रहवासी हवा होता. समीक्षकांनीही झोडपलं. आज जुन्या सिनेमाचं नाव अभ्यासकांनाच आठवतं. आणि गंमतीची नव्हे, दुःखाची गोष्ट म्हणजे २०११ साली त्याच नावानं जी पूर्वकथा आली तिच्यासाठी हातानं बनवलेले जीव तयार होते, पण पडद्यावर त्यातल्या बहुतेकांवर संगणकाचा मुलामा चढला. मिक्सिंग रूम म्हणतात तेच, डोळ्याला लगेच कळतं.

दुसरा क्रोननबर्गचा 'द फ्लाय', १९८६. १९५८च्या सिनेमात माणसाचं डोकं माशीचं होतं, एकदम, एका फटक्यात. क्रोननबर्गनं तोच अपघात सावकाश घडवला. नखं गळतात, कान गळतो, आणि बाजूला उभी असलेली प्रेयसी रोज थोडा थोडा माणूस जाताना बघते. ज्यानं घरात दीर्घ आजार पाहिलाय त्याला तो सिनेमा माशीचा वाटणारच नाही. मेकअपला ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

उलट १९९८चा 'सायको' घ्या. गस व्हॅन सँटनं हिचकॉकचा १९६०चा सिनेमा जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत केला. चित्रं तीच, भीती शून्य. १९६० साली नायिका अर्ध्यात मरते हे कुणाच्या कल्पनेत नव्हतं, पाया तो होता. १९९८ साली ते सगळ्या जगाला माहीत होतं. म्हणजे रानवारा यांचं म्हणणं इथे सिद्धच होतंय, फक्त मला एवढंच जोडायचंय की मूळ सिनेमा स्वतः अपुरा असेल तर रीमेकला जास्त मोकळीक मिळते. 'द थिंग' आणि 'द फ्लाय' दोन्हींच्या आधीचे सिनेमे बरे होते, महान नव्हते. महान सिनेमाला हात लावूच नये असं मी म्हणेन.

---

रानवारा

'महान सिनेमाला हात लावू नये' यावर अडखळले. 'नोस्फेरातू' १९२२चा, मुर्नाऊचा. त्याहून महान भयपट शोधून सापडणार नाही, आणि १९७९चा हर्झॉगचा रीमेक मला तितकाच प्रिय आहे. क्लाउस किन्स्कीचा रक्तपिपासू काउंट दमलेला आहे, त्याला मरता येत नाही याचा त्रास होतोय. मुर्नाऊच्या सिनेमात तो प्लेगसारखा बाहेरून येतो. हर्झॉगनं त्याच गोष्टीत दुसरी भीती शोधली. खुद्द मुर्नाऊचा सिनेमाही 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून विनापरवाना केलेला होता. लेखकाच्या विधवेनं खटला भरला, १९२५ साली प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला, आणि ज्या प्रती वाचल्या त्यांच्यामुळे आपण तो पाहू शकतो.

---

आइंडहोव्हनची_पावलं

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे एका सिनेमाचं नाव काढलं की लोक गंभीर होतात : 'स्पोरलोस', १९८८, दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर. डच जोडपं सुट्टीसाठी फ्रान्समधून जात असतं. पेट्रोल पंपावर थांबतात, ती थंड पेय आणायला आत जाते आणि परत येत नाही. बस्स. तो माणूस पुढची काही वर्षं फक्त एका प्रश्नापायी जगतो : तिचं काय झालं? भूत नाही, रक्त नाही. खलनायक म्हणजे दोन मुलींचा बाप, शांत, शिक्षक.

१९९३ साली हॉलिवूडनं रीमेक केला, 'द व्हॅनिशिंग', दिग्दर्शक तोच स्लाउझर. जेफ ब्रिजेस, कीफर सदरलँड, पैसा, सगळं. आणि शेवट बदलला. कसा ते सांगत नाही, पण प्रेक्षकाला दिलासा मिळेल असा. ज्या माणसानं ती गोष्ट इतक्या निर्दयपणे सांगितली होती त्याच्याच हातून ती मऊ झाली. इथल्या वर्गात शिकवताना एक प्राध्यापिका दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक दाखवतात. पहिल्यानंतर वर्गात कुणी बोलत नाही, दुसऱ्यानंतर सगळे जेवायला उठतात.

म्हणून रीमेक कमकुवत होण्याचं मला दिसणारं मोठं कारण हे : जास्त पैसे लावणाऱ्याला प्रेक्षक सुखरूप घरी पाठवायचा असतो. मूळ सिनेमा लहान असतो, त्याला तसं करायची सक्ती नसते.

---

बोरिवली_स्लो

आइंडहोव्हन, हेच 'शैतान'मध्ये झालं! आमच्या सोसायटीत गुजराती शेजारी जास्त, त्यांच्यामुळे 'वश' पाहिला होता. २०२३चा गुजराती सिनेमा, कृष्णदेव याज्ञिकचा. अनोळखी माणूस घरात येतो, मुलीला वश करतो, आणि आईबापांना तिचे हाल बघत बसावं लागतं. २०२४ साली हिंदीत 'शैतान' आला. मुलीच्या भूमिकेत जानकी बोडीवाला दोन्हीकडे तीच, आणि दोन्हीकडे अप्रतिम. 'वश'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पण गुजरातीत बापाच्या भूमिकेतला माणूस माझ्यासाठी कुणीही नव्हता. तो हरेल की जिंकेल हे मला ठाऊक नव्हतं. हिंदीत बाप अजय देवगण आहे. त्याच्या घरात सैतान शिरला तर शेवटी काय होणार याची खात्री तिकीट काढतानाच असते. माधवननं जीव ओतून काम केलंय, तरीही. शेजारच्या बेन 'शैतान' पाहून म्हणाल्या, "आ तो हीरोनी फिल्म थई गई."

---

एर्नाकुलममधून

शेजारणीनं 'चंद्रमुखी'चंही परीक्षण एका वाक्यात केलं असं समजा.

---

धुकं_आणि_दिवा

'झपाटलेला'बद्दल कुणीच लिहिलं नाही? तो अधिकृत रीमेक नाही, पण खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'ची आहे. महेश कोठारेंनी १९९३ साली ती मराठीत आणली तेव्हा तिथल्या वूडूच्या जागी मृत्युंजय मंत्र आला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नायकच शब्दभ्रमकार केला. रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्या आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर, लग्नसमारंभात, गणपतीत पाहिलेल्या. लक्ष्मीकांत बेर्डेच्या हातातला बाहुला आपल्याला आधीपासून माहीत होता, फक्त तो आता स्वतःहून बोलू लागला. अमेरिकेतला बाहुला फेरीवाल्याकडून विकत आणलेला होता, आपला कलाकाराच्या मांडीवर बसणारा. लहानपणी मी तात्या विंचूला इतका घाबरायचो की बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम लागला की खोलीबाहेर पळायचो. हसवणारा सिनेमा म्हणून आपण त्याला या चर्चेतून वगळतो, पण ज्या मुलांनी तो सात-आठ वर्षांच्या वयात पाहिला त्यांना विचारा.

---

सरीवरंबा

तात्या विंचूचं अगदी खरं. आमच्या थोरल्यानं त्या वेळी जत्रेतला बाहुला विहिरीत टाकून दिला होता.

एक विचारायचं होतं. बायको म्हणते परदेशी भुताचा एकतरी सिनेमा बघू. सबटायटल मराठीत नसली तरी चालतील, पोरगा वाचून सांगतो. कुठला लावू?

---

रानवारा

सरीवरंबा, 'डार्क वॉटर' लावा, पण २००२चा जपानी. नाकाताचाच आहे. घटस्फोटाच्या खटल्यात अडकलेली आई आणि तिची लहान मुलगी एका जुन्या इमारतीत राहायला येतात, आणि छतातून पाणी गळायला लागतं. गोष्ट हळू चालते, रक्त अजिबात नाही. वहिनींना आवडेल असं वाटतं. आवडला तर २००५चा अमेरिकन नंतर पाहा आणि दोघांनाही कुठला लागला ते इथे लिहा, मला खरंच उत्सुकता आहे. पटकथा_वेडा, तुमच्यासाठी पुढची जोडी 'बॉडी स्नॅचर्स' : १९५६चा डॉन सीगलचा आणि १९७८चा फिलिप कॉफमनचा. मी दोन्ही शनिवारी-रविवारी पाहणार आहे. महान सिनेमाला हात लावू नये या मताचं काय होतं ते सोमवारी बोलू.

---

पटकथा_वेडा

बोलूच. १९७८च्यात जुन्या सिनेमाचा नायक केव्हिन मॅकार्थी दिसतो तिथे लक्ष ठेवा. गाड्यांच्या गर्दीत तो अजूनही तेच ओरडत पळतोय, "ते आले आहेत, पुढची पाळी तुमची!" आणि टॅक्सी चालवणारा म्हातारा नीट बघा, तो डॉन सीगल आहे.